घुंगुरमाळांची वांटणी

जळगांवजवळ गिरणाकांठीं आमच्या आजोबांची शेती होती. कपाशीच्या दिवसांत गाडी पहांटेच जळगांवच्या जिनाकडे निघावयाची. परतावयास रात्र होई. वाटेच्या दोन्ही बाजूंस उंच बांध. समोरची गाडी दिसण्याअगोदर ऐकूं यावी, म्हणून बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा. आंत लोखंडी गोळी असलेलीं तीं ओतीव पितळी घुंगरें पावलागणिक वाजत. गाडीवान पेंगला तरी बैल थबकल्याचें त्यास नाद थांबल्यावरून कळे.

आमच्या डाव्या बैलाच्या माळेंतील एक घुंगरूं चिरलेलें होतें. त्याचा बद्द आवाज नाल्यापलीकडून आला, कीं आजी चुलींत काटक्या सारून भाकरी थापावयास बसे. दुसऱ्याच्या गाडीला ती कधीं फसली नाहीं.

१९७४ सालीं घर विभक्त झालें. शेतें, भांडीं मोजून वांटलीं, बैल विकले. माळा दोन, भाऊ दोन, तेव्हां एकेक माळ. पंचांस हा न्याय फारच सोपा वाटला असावा! चिरलेली माळ काकांबरोबर धुळ्यास गेली. आजी आमच्याकडे राहिली. खुंटीवरच्या माळेस कोणाचा धक्का लागला, तर ती एवढेंच म्हणे, "ही उजव्याची."

गेल्या श्रावणी अमावास्येस, पोळ्याच्या दिवशीं, आमची माळ घेऊन मी धुळ्यास गेलों. काका आतां नाहींत. चुलतभावानें त्यांची माळ काढली. आम्ही दोघांनीं दोन्ही माळा मिळून हालविल्या. तोंच स्वयंपाकघरांतून काकू लगबगीनें बाहेर आल्या, आणि उंबऱ्याशीं उभ्या राहून रस्त्याकडे पाहूं लागल्या.