तिसरा सिलिंडर

जुनं डिझेल इंजिन एकदम बंद पडत नाही. आधी ते ताल सोडतं. चार सिलिंडरांपैकी एकाचा ठोका गळतो आणि जागेवर उभी गाडी लंगडायला लागते. स्टिअरिंग थरथरतं, बाजूचा आरसा इतका हलतो की मागचं काही दिसत नाही. मेकॅनिक म्हणतात, गाडी मिसिंग करतेय.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो वडिलांच्या ऑल्विन निस्सानमध्ये. हैदराबादच्या ऑल्विनने बसच्या बॉड्या बांधल्या, फ्रीज केले, मनगटी घड्याळंही केली. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या मदतीने डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा असे छोटे ट्रक निघाले. त्याच लाटेत ऑल्विनने निस्सानबरोबर जहीराबादला कारखाना काढला. वडील सोलापूरहून मलकपेटच्या बाजारात कांदा आणत, तेव्हा वाटेत जहीराबाद लागायचं. तिथे ते हमखास हॉर्न वाजवत. गाडीचं माहेर आलं, म्हणत. 1989 मध्ये तो कारखाना महिंद्राकडे गेला, तरी आमच्या घरी गाडीचं नाव ‘ऑल्विन’च राहिलं.

लाखो किलोमीटर धावल्यावर ती लंगडू लागली, तेव्हा वडिलांनी मला उस्तादांकडे पाठवलं. राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे त्यांचं गॅरेज होतं. मी पाना उचलला, तर म्हणाले, “पैले सुनो, पाना बाद में.”

आधी त्यांनी धूर पाहिला. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा आत पाणी शिरतंय. आमचा पांढरट होता. मग डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. फरक नाही. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट जरासा सैल केला. डिझेलची धार कातडीत घुसू शकते, म्हणून हातात जाड फडकं. पहिला सैल केला, इंजिन दबलं. दुसरा, पुन्हा दबलं. तिसऱ्याला काहीच झालं नाही. जो आधीच काम करत नाही, त्याला बंद केल्याने काय बिघडणार?

“बदलून टाकू या,” मी म्हणालो. उस्ताद हसले. त्यांनी तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्यात बसवला आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. आता दुसरा मुका झाला, तिसरा बोलू लागला. म्हणजे दोष इंजेक्टरबरोबर हलला. तिसराच मुका राहिला असता, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा पाहाव्या लागल्या असत्या, हेड उघडावं लागलं असतं. पंपवाल्याकडे तपासलं तर नोझलमधून फवारा उडण्याऐवजी डिझेल ठिबकत होतं. नवं नोझल बसलं आणि आरसा स्थिर झाला.

आता वडिलांचा मालवाहतुकीचा धंदा माझ्याकडे आहे आणि गाड्या कॉमनरेलच्या. त्यात हजार बारहून अधिक दाब असतो, तिथे नट सैल करायचा विचारही करू नये. पोरं स्कॅनर लावतात. कोणत्या सिलिंडरला किती डिझेल जास्त द्यावं लागतंय, ते आकड्यात दिसतं. उस्तादांनी कानाने केलेलं काम पडद्यावर लगेच होतं. पण आकडा फक्त सिलिंडरचा नंबर सांगतो. अडचण इंजेक्टरची आहे की आतल्या रिंगांची, हे ठरवायला आजही अदलाबदल करावी लागते. फक्त इंजेक्टरचा कोड नव्या जागी भरावा लागतो.

ही अदलाबदल मी माणसांच्या बाबतीतही करू लागलो. रात्रीच्या सोलापूर फेरीवरचा एक ड्रायव्हर सतत उशिरा पोचायचा. हिशेब बघणारा भाचा म्हणाला, काढून टाका. मी त्या ड्रायव्हरला दिवसाच्या शहरातल्या फेऱ्या दिल्या आणि शहरातल्या मुलाला रात्री पाठवलं. मुलगाही उशिरा पोचू लागला. मग मी स्वतः रात्रीच्या गाडीत बसलो. माल भरायलाच मध्यरात्र उलटत होती; ड्रायव्हर तासन्‌तास गोदामाच्या दारात बसून राहत होते. माणूस बदलून उशीर हटला नव्हता, म्हणजे तो त्या जागेचा होता. गोदामाची वेळ बदलून घेतली. जुना ड्रायव्हर पुन्हा रात्रीच्या फेरीवर गेला. भाच्याच्या वहीत आता गोदामात गेलेल्या वेळाचा वेगळा रकाना आहे.