चेहऱ्याचा भाव

गेली एकवीस वर्षे मी सांगलीच्या आमच्या कापड दुकानात दुपारनंतर गल्ल्यावर बसते. दुकानातल्या माणसाचा चेहरा मालाइतकाच गिऱ्हाइकाच्या नजरेत भरतो. पंचावन्नी ओलांडल्यावर माझ्या गालांची कातडी हनुवटीच्या दोन्ही बाजूंना उतरू लागली, ओठांचे कोपरे खाली झुकले आणि मनात काहीही नसताना चेहरा रुसलेला दिसू लागला. "वहिनी, बरे नाही का?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानी येई. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर माझ्या मुलाला बाजूला घेऊन, आईला काही मोठा आजार आहे का, असे विचारले. सुरकुत्यांचे मला दुःख नव्हते. आपला चेहरा आपल्याविषयी खोटे सांगतो, हे मात्र सहन होईना.

शस्त्रक्रियेचा विचार मी केलाच नाही. पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी गालात भरावयाच्या इंजेक्शनांची माहिती दिली. घरी येऊन सासूबाईंना सारे सांगितले. त्या ब्याऐंशी वर्षांच्या. या वयात ही कसली हौस, असे काहीतरी ऐकावे लागेल अशी माझी तयारी होती. त्यांनी विचारले ते निराळेच : "अगं, ते कशापासून करतात?"

माल कुठला हे विचारल्यावाचून आपल्या घरांत भाव ठरत नाही. शरीरात जाणाऱ्या वस्तूबाबत मात्र आपण तो प्रश्न सहज विसरतो. मी शोध घेतला. अमेरिकेत १९८१ साली अशा इंजेक्शनांना प्रथम परवानगी मिळाली, तेव्हा त्यांतील कोलॅजन गाईबैलांच्या कातडीचे असे. पुढे हायल्युरॉनिक आम्ल आले. तेही काही काळ कोंबड्याच्या तुऱ्यातून काढीत. आता बहुतेक ठिकाणी जीवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात. "जीवाणू म्हणजे जीवच ना?" सासूबाईंनी लगेच टोकले. सुरकुत्यांसाठी स्नायू सैल करणारी जी इंजेक्शने असतात, त्यांतील कित्येकांत मानवी रक्तातील प्रथिन मिसळलेले असते. आणि तरुण दिसण्यासाठी दुधात घालून घ्यावयाच्या कोलॅजनच्या पुड्या? त्या बहुधा माशांच्या किंवा गुरांच्या कातडीपासून बनतात. आमच्या ओळखीच्या दोन घरांत त्या नित्यनेमाने घेतल्या जात होत्या, तेही कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरांत!

पुन्हा पुण्याला गेले. शरीरात काहीही न घालता काही होण्यासारखे आहे का, असे विचारले. डॉक्टरबाई क्षणभर थांबल्या आणि मग केंद्रित ध्वनिलहरींच्या उपचाराविषयी बोलल्या. पोटाच्या सोनोग्राफीत असतात त्याच जातीच्या या लहरी, पण भिंगातून ऊन एका ठिकाणी आणावे तशा त्या त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटतात : दीड, तीन आणि साडेचार मिलिमीटर. तेथे बारीक बारीक बिंदूंवर ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण होते आणि वरची त्वचा अखंड राहते. तापलेले तंतू आक्रसतात आणि पुढे काही आठवडे शरीर स्वतःच तेथे नवे कोलॅजन घडवीत राहते. सर्वांत खोलचा थर तोच, जो शस्त्रक्रियेत शल्यविशारद उचलून ताणतात. भुवया उचलण्यासाठी या पद्धतीच्या एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली मान्यता दिली. बाईंनी मर्यादाही स्पष्ट सांगितल्या. फार लोंबलेल्या कातडीवर उपयोग थोडा. शस्त्रक्रियेइतका फरक कधीच नाही. जो पडेल तो दोन-तीन महिन्यांनी दिसेल आणि साधारण वर्षभर टिकेल. अयोग्य हाती यंत्र पडले तर नस दुखावते किंवा गालाची चरबी झडून चेहरा अधिकच ओढलेला दिसतो. म्हणून यंत्र कोण चालवणार, हे मी आधी विचारून घेतले. त्या स्वतःच चालवणार होत्या.

चेहऱ्याला बधिर करणारे मलम लावून तासभर बसवले. मग थंडगार जेल आणि त्यावरून फिरणारा यंत्राचा दांडा. 'वेदना जवळजवळ नाही' असे दवाखान्याच्या पत्रकात छापले होते. गालांवर ते खरे ठरले. आतून ऊब आल्यासारखे वाटे, इतकेच. जबड्याच्या हाडाजवळ मात्र तापलेली सुई आतून टोचावी तशी कळ येई, दात शिवशिवत आणि डोळ्यांत पाणी उभे राही. पन्नास मिनिटांत सारे आटोपले. त्याच संध्याकाळी मी बसने सांगलीला परतले. चेहरा थोडा लाल होता, दोन दिवस सूज होती, आणि जबड्याची कड आठवडाभर दाबल्यावर दुखे.

पहिला महिना काहीच दिसले नाही. यजमान रोज सकाळी निरखून पाहत आणि मान हलवीत. त्यांचेही बरोबर होते. पासष्ट हजार रुपये गेले होते, अर्थात माझ्या स्वतःच्या शिल्लकीतून. तिसऱ्या महिन्यात जबड्याची रेघ पुन्हा थोडी उमटली. ओठांचे कोपरे किंचित वर आले. छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तर कळावे, एवढाच फरक. वय होते तेवढेच दिसते. मात्र 'बरे नाही का' हा प्रश्न बंद झाला आहे.

वर्षअखेरीस हिशेब लिहिताना यजमानांनी मिश्कीलपणे विचारले, "हा खर्च कोणत्या खात्यात घालू? दुकानाच्या रंगरंगोटीत?" मी काही बोलणार तोच सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "तिचे पैसे, तिचा चेहरा. तुझ्या वहीत कशाला?" यजमानांनी पान उलटले आणि पुढची नोंद वाचायला घेतली.