आंबटाची बाजू

मराठीत 'गोड' हा शब्द केवळ चवीपुरता राहिलेला नाही. आवाज गोड असतो, तान्हे मूल गोड असते, लहानशी भेटही गोड मानून घ्यायची असते आणि भांडणाचा शेवटसुद्धा गोडच व्हावा लागतो. आंबटाच्या वाट्याला मात्र आंबट चेहरा, आंबटशौकीन माणूस आणि कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षे एवढेच आले आहे. चिंच, आमसूल, कैरी आणि ताक यांच्यावाचून जिचे एक जेवण पुरे होत नाही, त्या भाषेने आंबटाशी असे का वागावे, हा प्रश्न मला पडला तो ब्रसेल्समध्ये, एका जुन्या आणि लहानशा बिअरच्या कारखान्यात.

या कारखान्याचे नाव कांतियों. ब्रसेल्सच्या मिडी स्थानकापासून चालत गेल्यास दहाएक मिनिटांत, अँडरलेख्त भागातल्या एका साध्या रस्त्यावर तो आहे. १९०० साली पॉल कांतियों आणि त्यांच्या पत्नीने तो सुरू केला आणि आजही तो त्याच कुटुंबाच्या हातात आहे. १९७८पासून तो संग्रहालय म्हणूनही खुला आहे. मात्र काचेआड मांडलेल्या वस्तूंचे हे संग्रहालय नव्हे. आपण ज्या लाकडी जिन्याने वर जातो त्याच जिन्याने हिवाळ्यात कामगारही जात असतात, आणि पाहण्याजोगे जे काही आहे ते सगळे वापरातले आहे.

इथे बनते ती लँबिक. पाककृती ऐकायला अगदी सोपी. सुमारे दोन तृतीयांश मोड आणून वाळवलेले जव आणि एक तृतीयांश कच्चा गहू दळून गरम पाण्यात मिसळायचे, त्यातून निघालेला गोडसर रस काही तास उकळायचा आणि उकळताना त्यात हॉप्सची वाळलेली फुले घालायची. ही फुले मुद्दाम दोन-तीन वर्षे जुनी केलेली असतात. जुनी होताना त्यांचा कडवटपणा बहुतांशी ओसरतो. रस टिकवून धरण्याचा गुण मात्र शिल्लक राहतो. इथवर आपण आपल्याकडच्या एखाद्या गुऱ्हाळात उभे आहोत असे वाटते. पुढची पायरी मात्र वेगळी आहे. उकळलेला रस माळ्यावरच्या तांब्याच्या एका विस्तीर्ण, उथळ परातीत सोडतात आणि रात्रभर उघडा ठेवतात. छपराच्या फटींतून आणि झडपांतून थंड हवा येते, वाफ निघून जाते आणि पहाटेपर्यंत रस वीसेक अंशांपर्यंत निवतो. त्या एका रात्रीत हवेतले आणि वास्तूतले यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात.

जगात बहुतेक ठिकाणी बिअरसाठी निवडून, जोपासून वाढवलेले यीस्ट घालतात. इथे कोणी काही घालत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर हे विरजण न घालता लावलेले दही आहे. शहराची हवा आणि शंभराहून अधिक वर्षांची वास्तू हेच त्याचे विरजण. म्हणून हे काम केवळ थंडीच्या महिन्यांत, साधारण ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत चालते. उन्हाळ्याच्या हवेत नको ते पाहुणे फार असतात.

यानंतर रस लाकडी पिंपांत जातो आणि तिथे एक, दोन किंवा तीन वर्षे राहतो. पिंपांच्या खोलीत कोळ्यांची जाळी कोणी झाडत नाही. फळे आणि साखर यांच्या वासाने येणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळी करतात, म्हणून त्यांना अभय आहे. त्या खोलीत उभी असताना आपल्या क्रियापदांची मला आठवण झाली. आंबणे, फसफसणे, विटणे, नासणे. यांतले पहिले क्रियापद आंबोळीच्या पिठाचे आणि शेवटचे फाटलेल्या दुधाचे. दोन्हींच्या मधली सीमारेषा प्रत्येक घरातली बाई नाकाने ओळखते. कांतियोंचा सगळा व्यवसाय या रेषेवरच उभा आहे.

पहिल्या पेल्यात आली ती बिनमिश्र लँबिक. फेस नाही, बुडबुडे नाहीत, फिकट सोनेरी रंग. वास पावसाळ्यानंतर उघडलेल्या बंद घराचा, ओल्या लाकडाचा आणि भिजलेल्या घोंगडीचा. चव सरळ आणि थेट आंबट, जिभेच्या दोन्ही कडा आवळणारी, मागून पपनसाच्या सालीचा तुरटपणा. 'बिअर' या शब्दाकडून जी अपेक्षा असते तिच्यातले इथे काहीही नव्हते. पहिला घोट आवडला असे म्हणता येणार नाही. पण दुसरा घ्यावासा वाटला, आणि तिसऱ्या घोटाला आंबटाच्या पाठीमागे दडलेले धान्य सापडले, भाकरीच्या कडेसारखे.

दुसरा पेला गूझचा. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक चाखून, त्यांचे प्रमाण जिभेने ठरवून हे मिश्रण करतात. कोवळ्या लँबिकमध्ये उरलेल्या साखरेमुळे बाटलीत पुन्हा किण्वन होते आणि बुडबुडे तयार होतात; मुरलेल्या लँबिकने खोली येते. बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवून अलगद ओततात, म्हणजे तळाचा गाळ हलत नाही. इथे आंबटपणा होताच, परंतु तो आता एकटा नव्हता. लिंबाची साल, कच्चे सफरचंद, वाळके गवत, किंचित मीठ वाटावे असे काही. एकेक ओळखायला जावे तो पुढचे हजर. भरताने 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती मांडताना निरनिराळ्या पदार्थांनी संस्कारलेल्या अन्नाचा दृष्टान्त दिला आहे, आणि पुढे मम्मटाने पानकरसाचा. पानकात गूळ, मिरी इत्यादी घटक वेगळे न उरता त्यांची एक अपूर्व चव होते, हे आपण वर्गात फळ्यावर लिहून देतो. आस्वाद, चर्वणा, रुची हे समीक्षेतले शब्द मुळात जिभेचे आहेत, हेही सांगतो. गूझ पिताना ते शब्द आपल्या मूळ घरी परत आल्यासारखे वाटले.

तिसरा पेला क्रीकचा. लँबिकमध्ये आंबट चेरी महिनोन् महिने मुरवून केलेली ही बिअर गडद तांबडी असते. रंग पाहून डोळा सरबताची खात्री देतो आणि जीभ ती खोटी ठरवते. फळातली साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते. शिल्लक राहतो तो चेरीचा गंध, कोकमाच्या जवळ जाणारी आंबट धार आणि आठोळीतल्या गराची बदामासारखी पुसट कडवट चव. फळाचा गोडवा गेल्यानंतर उरते ते फळ असेच असते की काय, असा विचार मनात आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांची जीभ शीतपेयांकडे वळली तेव्हा लँबिक बनवणाऱ्या अनेकांनी साखर आणि गोड फळरस मिसळून खप टिकवला. ब्रसेल्स शहरातले एकेकाळी पुष्कळ असलेले लँबिकचे कारखाने एकेक करून बंद पडले आणि दीर्घकाळ कांतियों तेवढा शिल्लक राहिला. १९७८मध्ये संग्रहालय उघडले तेही या पडत्या काळातच: हे पेय कसे बनते हे दाखवल्याखेरीज ते कोणी पिणार नाही, अशी तेव्हाची स्थिती. साखरेला या परंपरेत जागाच नव्हती असे नाही. लँबिकमध्ये खडीसाखरेचा गोडवा घालून 'फारो' करण्याची रीत फार जुनी आहे. फरक इतकाच की फारोचा गोडवा उघड असतो. बाकीच्या पेयांतला गोडवा मूळ चव झाकण्यासाठी आला होता.

हे मला साहित्याच्या अध्यापनाशी निगडित वाटते. विद्यार्थ्याला कविता 'आवडावी' म्हणून आपण तिचा आशय सुलभ करतो, अवघड ओळींना सरबताचा रंग देतो, कादंबरीतून संदेश काढून तो वाटीत घालून पुढे करतो. वर्ग खूश होतो. परंतु मर्ढेकरांची कविता पहिल्या वाचनात जीभ आवळणारच. ती आवळली नाही तर वाचलेली कविता दुसरीच कुठली तरी असणार. तिसऱ्या घोटापर्यंत विद्यार्थ्याला थांबवून ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ आज वेळापत्रकातून सर्वांत आधी कापला जातो.

वेळ कांतियोंकडेही अमर्याद नाही. २०१६मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. पण त्या आधीच्या वर्षी, २०१५च्या नोव्हेंबरमध्ये, रात्री अवेळी उबदार राहिल्यामुळे इथे काम थांबवावे लागले होते. परातीवरची हवा यंत्राने थंड करणे कुणालाही जमेल. मग मात्र ती त्या माळ्यावरची, त्या रात्रीची हवा राहणार नाही. ज्या चवीचे विरजण म्हणजे एका शहराची थंड रात्र आहे, ती चव त्या रात्रींइतकीच टिकाऊ. हे लिहिताना तोंडात जे रेंगाळते आहे त्याला मराठीत आंबट याखेरीज दुसरा शब्द नाही. यापुढे तो शब्द जरा आदराने वापरावा, एवढे मात्र आपल्या हाती आहे.