विश्वाचें कारण

घट दिसला कीं कुंभार आठवावा, ही आपल्या बुद्धीची जुनी संवय आहे. उदयनाचार्यांनीं ‘न्यायकुसुमांजलीं’त तिला प्रमाणाची पदवी दिली : पृथ्वी हें कार्य आहे, अर्थात् तिला कर्ता असलाच पाहिजे. मीमांसकांनीं मुळावरच घाव घातला. घट पूर्वीं नव्हता हें आपण पाहिलेलें असतें; जग पूर्वीं नव्हतें हें कोणीं पाहिलें?

१९४८ सालीं बीबीसीच्या नभोवाणीवर बर्ट्रंड रसेल आणि फादर कॉपल्स्टन यांच्यांत हाच वाद झाला. विश्वांतील वस्तुमात्र परावलंबी, म्हणून सबंध विश्वालाही आधारभूत कारण हवें, असा कॉपल्स्टन यांचा पक्ष. रसेलचें उत्तर असें कीं, प्रत्येक माणसाला आई असते एवढ्यावरून अखिल मानवजातीला एक आई आहे असें ठरत नाहीं. उत्तर चटकदार खरें. पण त्यानें वाद मिटतो असें मला वाटत नाहीं. भिंतीची प्रत्येक वीट लाल असेल तर भिंतही लालच. उलट प्रत्येक वीट हलकी असली म्हणून भिंत हलकी होत नाहीं. परावलंबित्व हें लालीसारखें कीं हलकेपणासारखें, हें ठरवावें कसें?

विज्ञानाकडे पाहावें, तर पेंझियस आणि विल्सन यांनीं १९६५ सालीं जाहीर केलेल्या सूक्ष्मलहरींच्या शोधानें महास्फोटाच्या कल्पनेला बळ मिळालें. विश्वाचा विस्तार सुमारें १३८० कोटी वर्षांपूर्वीं सुरू झाला असें आज मानतात. हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनीं अनादि विश्वाचा पक्ष चिकाटीनें लढविला. बहुतेक शास्त्रज्ञांनीं तो स्वीकारला नाहीं. तथापि विस्ताराचा आरंभ म्हणजे शून्यांतून उत्पत्ति नव्हे.

मग या वादानें माणसें इतकीं कां तळमळतात? माझी धाकटी बहीण विषमज्वरानें गेली, तेव्हां डॉक्टरांनीं रोगाचें कारण नीट समजावून सांगितलें. आईनें तें शांतपणें ऐकलें आणि पुन्हां विचारलें, “पण कां?” तिला कारण नको होतें, प्रयोजन हवें होतें. अण्णा तिची समजूत घालण्यासाठीं घट आणि कुंभार यांचा दृष्टांत सांगूं लागले. ती म्हणाली, “कुंभार आहे हो. पण त्यानें कोरें मडकें कां फोडलें, तें सांगा.” अण्णा गप्प राहिले.

आदिकारण सिद्ध झालें, तरी या प्रश्नाचें उत्तर त्यांत नाहीं. सिद्ध न झालें, तरी आईचा प्रश्न खोटा ठरत नाहीं. हे दोन प्रश्न निराळे आहेत एवढें ओळखून वाद केला, तर त्यांतील पुष्कळ कटुता टळेल.