वर्षाकाठी किती फेऱ्या?

डिस्क गोल्फ म्हणजे तबकडी फेकत फेकत साखळ्या लावलेल्या टोपलीत नेऊन टाकण्याचा खेळ. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक यांनी त्याचे पहिले कायमचे मैदान आखले. पुष्कळ मैदाने सार्वजनिक उद्यानांत असून तेथे शुल्क पडत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याच्या वर्षाकाठी शंभर फेऱ्या होतात. संसारात गुंतलेल्याला मात्र दहाही दुर्मीळ.

मला नवल वाटते ते फिनलंडमधील खेळाडूंचे. बर्फात तबकडी हरवू नये म्हणून तिला फीत चिकटवून ते भर हिवाळ्यातही खेळतात. सवड मिळत नसते, ती काढावी लागते, हे वडीलधाऱ्यांचे बोल त्या फितीमुळे मला नव्याने पटले. फेऱ्या कितीही होवोत, वर्ष कोरडे जाऊ नये.