चिठ्ठीयंत्र रुसतं तेव्हा

मैत्रिणींनो, तुमच्या मांडणीवर डबे किती आहेत हो? कधी मोजलेत का? मी परवा मोजले. ४३ भरले. त्यांत नुसत्या पिठांचेच ११. तांदळाचं, कुळथाचं, नाचणीचं, दोन तऱ्हांच्या भाजण्या, मेतकूट, शिंगाड्याचं, आणखी काय काय. झाकण काढून बघितलं तरी निम्म्यांचा रंग एकच. तुम्ही-मी नजरेच्या सवयीने हात घालतो आणि बरोबर डबा काढतो. पण ज्या बाईची नजरच अधू झालीय, तिने काय करायचं?

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. हातपाय धड, कान तिखट, जीभ तर विचारूच नका! पण डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की या दुखण्यात कडेचं दिसतं आणि नेमकं समोरचं पुसट होतं. म्हणजे दारातून कोण आलं ते कळतं, पण त्याचं तोंड दिसत नाही. चष्म्याने हे सुधारत नाही. मोठं, ठळक, पांढऱ्यावर काळं अक्षर असेल आणि उजेड चांगला असेल तर मात्र पुष्कळसं वाचता येतं.

तर ह्या 'ठळक काळ्या अक्षरा'साठी आमच्या लेकीने पुण्याहून एक यंत्र पाठवलं. साबणाच्या वडीएवढं, हातात मावणारं. फोनवर मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, की यंत्राच्या तोंडातून चिकट पाठीची पट्टी बाहेर येते. इंग्रजीत त्याला लेबल प्रिंटर म्हणतात. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं 'चिठ्ठीयंत्र' असं बारसं केलं आणि घरात आता तेच नाव चालतं.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, पूर्वी कचेऱ्यांत पिस्तुलासारखं एक हत्यार असायचं. वरची चकती फिरवून अक्षर आणायचं, खटका दाबायचा, की रंगीत प्लास्टिकच्या पट्टीवर पांढरं अक्षर उमटायचं. ते डायमो. १९५८ साली कॅलिफोर्नियात निघालं. त्यात शाई नव्हती. प्लास्टिक दाबून ताणलं की ताणलेली जागा पांढरी पडते, एवढीच करामत. माझ्या वडिलांनी एकदा ते कचेरीतून दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं आणि आईच्या डब्यांवर इंग्रजीत नावं डकवली होती. आईला इंग्रजी येत नव्हतं. डबे दिसायचे मात्र झकास!

फोनवरच्या यंत्राचा खरा फायदा इथे आहे. फोनवर जे लिहाल ते चित्रासारखं छापलं जातं, त्यामुळे मराठी अक्षरांची अडचण येत नाही. बटणांची लहान यंत्रं बहुधा रोमन लिपीतलीच असतात. घेणार असाल तर दुकानात 'जोडाक्षरं नीट येतात का' ते 'श्रीखंड' छापून बघा.

आमच्याकडे मग गंमत सुरू झाली. मला वाटलं होतं, 'हिंग', 'जिरं', 'मोहरी' एवढं छापू आणि मोकळं होऊ. पण सासूबाई सांगायला बसल्या. "अगो, नुसतं हिंग काय? हिंग हे मलाही वासावरनं कळतं. लिही, 'हिंग, चिमूटभर, मूठभर नव्हे'." तो टोला मला होता हे सांगायला नकोच! मग 'तिरफळं, बी काढून घ्यावी'. 'कुळीथ पीठ, चौघांना दोन डाव'. 'मेतकूट, दह्यात आधी, मीठ मागाहून'. एकेका डब्यावर एकेक वाक्य. तीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली रांधतेय, पण यांतल्या निम्म्या गोष्टी त्यांनी मला कधी सांगितल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणायच्या, "अंदाजानं." चिठ्ठीसाठी मात्र अंदाजाला आकडा आला. आणि त्या पुन्हा एकट्या स्वयंपाकघरात जायला लागल्या. डबा डोळ्यांजवळ तिरका धरायचा, वाचायचं, काढायचं. कोणाला हाक मारायची नाही.

आणि ऐन जुलैत यंत्र बंद पडलं.

आम्ही मुरुडला राहतो. दापोलीचं मुरुड, अण्णासाहेब कर्व्यांचं. जंजिऱ्याचं नव्हे. पावसाळ्यात इथे काय दमट असतं ते किनाऱ्यावरच्या बायकांना सांगायला नको. मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही, कपाटातल्या लुगड्यांना बुरशीचा वास येतो. अशा हवेत नाजूक यंत्राने मान टाकली तर नवल नाही. दापोलीच्या एका दुकानात नेलं. त्यांनी उघडूनसुद्धा न बघता सांगितलं, "ताई, ही दुरुस्त होत नाहीत. नवीन घ्या." आमचे हे म्हणाले, "मार्करने लिही की!" लिहिलं. दिसलंही. पण तेलाच्या हाताने दोन दिवसांत फराटे झाले. आणि सासूबाईंनी सांगणंच थांबवलं. चिठ्ठी नाही तर सांगायचं कशाला? चौथ्या दिवशी बघितलं तर त्या मांडणीपुढे उभ्या राहून एकेक झाकण उघडून वास घेत होत्या. मी म्हटलं, "आई, काय हवंय?" तर म्हणाल्या, "काही नाही." झाकण लावलं आणि ओटीवर जाऊन बसल्या. त्या दिवशी मी ठरवलं, की हे यंत्र आपणच बघायचं.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. कारण हे यंत्र म्हणजे बंब किंवा मिक्सर नव्हे, ते उघडायला आपण घाबरतो. पण आत आहे काय? शाई नाही, रिबन नाही. एक छोटी मोटर, एक रबरी रूळ आणि एक गरम होणारी पट्टी. त्या पट्टीत एका मिलीमीटरला आठ या हिशेबाने बारीक ठिपके असतात आणि हवे तेवढेच क्षणभर तापतात. कागदावर एक लेप असतो. त्यातला बिनरंगी रंग आणि आंबट गुणाचा दुसरा पदार्थ उष्णतेने एकमेकांत वितळले की तेवढी जागा काळी होते. एस.टी.चा वाहक यंत्रातून जे तिकीट फाडून देतो, ते ह्याच जातीचं. म्हणून तर ते पाकिटात राहून पांढरंफटक होतं!

पहिली शंका घ्यायची ती बॅटरीची. दिवा लागतो म्हणजे बॅटरी भरलेली आहे असं समजू नका. दिव्याला थोडी वीज पुरते, कागद तापवायला पुष्कळ लागते. पूर्ण भरू द्या. भरतच नसेल तर दुसरी तार लावून बघा. तार घालायच्या भोकात कापसाचा बोळा, धूळ, किनाऱ्यावर असाल तर खारट गंजही साचतो. यंत्र बंद करून लाकडी दातकोरणीने अलगद काढा. टाचणी नको.

दुसरी शंका फोनची. 'यंत्र सापडत नाही' असं फोन म्हणतो तेव्हा दर वेळी यंत्राचा दोष नसतो. ही यंत्रं बहुधा एका वेळी एकाच फोनशी बोलतात. घरात आणखी कोणाच्या फोनवर ते जोडलेलं असेल तर तुम्हाला दाद देत नाहीत. आमच्याकडे सुट्टीवर आलेल्या नातीच्या फोनने त्याला धरून ठेवलं होतं आणि ती माडीवर झोपली होती! तिथलं ब्लूटूथ बंद केल्याबरोबर माझ्या फोनला यंत्र दिसलं. बऱ्याच फोनांत जागा कळण्याची, म्हणजे लोकेशनची, परवानगी दिल्याशिवाय शोध लागत नाही, तेही बघा. आणि जोडायचं ते त्या यंत्राच्या ॲपमधून.

एवढं झालं, तरी आमची पट्टी बाहेर आली ती कोरी.

कोरी पट्टी आली की नखाची परीक्षा करायची. पट्टीवरून नख जोराने ओढा. काळी रेघ उठली तर ती लेपाची बाजू. रेघ नाही उठली तर रोल उलटा बसलाय, नाहीतर कागदच साधा आहे. आमच्या पट्टीवर रेघ उठली, म्हणजे कागद चोख होता. (स्वस्तातला दुसऱ्याच कंपनीचा रोल आणून फसू नका. काही यंत्रं रोलमध्ये बसवलेली चिप वाचतात आणि परका रोल ओळखून चालायचं नाकारतात.)

अक्षरांत पांढऱ्या रेघा येत असतील किंवा अक्षर फिकट असेल तर गरम पट्टीवर चिकटाचा थर आहे असं समजावं. घरात मधुमेही माणूस असेल तर इंजेक्शनआधी कातडी पुसायच्या पुड्या असतात ना, त्यांतला ओला तुकडा यासाठी उत्तम. नाहीतर औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा आणि कापसाच्या काडीने पुसा. यंत्र बंद आणि गार असायला हवं, आणि पुसल्यावर पूर्ण वाळू द्यायचं. पाणी नको, नखांचा रंग काढायचं औषध तर मुळीच नको, ते प्लास्टिक खातं. सुरी, टाचणी, काथ्या यांपैकी काही त्या पट्टीला लावू नका. एक ठिपका मेला की कायमची रेघ.

मी पुसलं. तरी कोरंच. पण आता कान देऊन ऐकलं, तर मोटर 'खर्र' करून अडखळत होती. विजेरी धरली आणि रबरी रूळ हाताने हळूहळू फिरवला. रूळ पांढरा होता! मूळचा काळा. एक पट्टी कागदावरून सुटून रुळाला गुंडाळली गेली होती, इतकी घट्ट, की रुळाचंच अंग वाटावं. मला वाटतं दमट हवेने कागद वळला आणि चिकट सैल पडलं, त्यातून हे झालं. कोवळ्या बांबूची चपटी काडी घेतली, एक कोपरा सोडवला आणि रूळ फिरवत फिरवत पट्टी सोलली. अर्धा तास गेला. उरलेला चिकट अल्कोहोलच्या बोळ्याने निघाला. इथे एक सांगते. काचेच्या बरणीवरची जुनी चिठ्ठी काढायला आपण खोबरेल लावतो, ते झकास काम देतं. पण रुळाला तेल लावाल तर कागद घसरत राहील.

रोल घातला, झाकण 'टक्' वाजेपर्यंत दाबलं (अर्धवट झाकणावरही ही यंत्रं रुसतात) आणि बटण दाबलं. 'आमसुलं' असं काळंभोर अक्षर बाहेर आलं.

रोल संपत आला होता म्हणून मी आणखी दोन मागवले होते. ते आले नाहीत. चौकशी केली तर पुडकं जंजिऱ्याच्या मुरुडला फिरत होतं! लातूरकडेही एक मुरुड आहे, तिथे गेलं नाही हे नशीब. गावांच्या नावांचा हाच घोळ निस्तरायला १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, वर संस्कृतचे मोठे पंडित. आमचा आकडा ४१५ ने सुरू होतो, जंजिऱ्याचा ४०२ ने, लातूरचा ४१३ ने. पत्ता वाचणाऱ्याने आकडा सोडून नाव वाचलं की वेलणकर तरी काय करणार?

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. ही अक्षरं टिकाऊ नव्हेत. शेगडीजवळची उष्णता, खिडकीतलं ऊन, तेलाचा हात आणि वरून डकवलेली पारदर्शक चिकटपट्टी, या सगळ्यांनी ती उडतात. अक्षर जपायला म्हणून चिकटपट्टी लावाल, तर तिच्यातल्या द्रव्यांनीच ते लवकर जाईल. आमच्या शेगडीकडच्या चिठ्ठ्या मी वर्षाला बदलते. म्हणून औषधांच्या बाबतीत या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका. मूळ वेष्टण जवळ हवंच. आणि झुरळांसाठी बोरिक पावडर ठेवत असाल तर ती पिठांच्या मांडणीवर ठेवूच नका, चिठ्ठी कितीही ठळक असो. आमच्याकडे ती न्हाणीघराच्या फळीवर, चौकोनी डब्यात असते. बाकी सगळे डबे गोल. हाताला लागल्याबरोबर कळतं.

सासूबाई आता दुपारचा चहा झाला की फोनजवळ येऊन बसतात. त्या बोलतात, फोन ऐकून लिहितो, मी शुद्धलेखन बघते. "तिरफळं" हा शब्द फोनला अजून नीट ऐकू येत नाही, ते मला हाताने लिहावं लागतं. डब्यांवरच्या जागा संपत आल्या, तेव्हा परवापासून त्यांनी सांडग्यांची कृती सांगायला घेतलीय. ती एका चिठ्ठीत मावत नाही. ओळीने सहा पट्ट्या छापून कपाटाच्या दाराला आतून लावल्यात, उन्हापासून लांब. यंत्र पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात असतं, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यात टाकून. सातवी पट्टी उद्या. त्यात कोहळ्याचं माप यायचं आहे.