अडून बसलेले स्क्रू

गाडीच्या इंजिनात किती हवा जायची ते ठरवणारं एक दार असतं. त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात. ॲल्युमिनियमचं जाड नळकांडं, त्यात एक गोल चकती, चकतीला फिरवणारी आडवी दांडी आणि चकती दांडीवर धरून ठेवणारे दोन लहानसे स्क्रू. पेडल दाबलं की दांडी फिरते, चकती कलते आणि हवा आत शिरते.

आमच्या वीस वर्षांच्या जपानी गाडीत या दांडीच्या टोकांची रबरी सील झिजली होती. तिथून नको ती हवा आत जायची आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की गुरगुरून बंद पडायची. मुलीला शाळेत आणि रविवारी मराठीच्या वर्गाला नेणारी गाडी तीच. नवी थ्रॉटल बॉडी घेणं गाडीच्या किमतीच्या मानाने परवडणारं नव्हतं, सील मात्र थोडक्या डॉलरांत मिळत होती. ती बदलायची तर दांडी बाहेर काढायला हवी आणि त्याआधी स्क्रू. ते काही केल्या हलेनात.

माझ्या वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलं. पण फोनवर आमचं बोलणं "जेवलीस का?" आणि "गोळ्या घेतल्यात का?" यापलीकडे फारसं जात नसे. त्या दिवशी रात्री नऊला, म्हणजे त्यांच्या सकाळी साडेसहाला, मी व्हिडिओवर ती थ्रॉटल बॉडीच त्यांच्यासमोर धरली. बाबांनी चष्मा चढवला.

"मारामारी करू नकोस त्याच्याशी," ते म्हणाले. "तो का बसलाय ते आधी बघ."

बाहेरच्या बाजूला सेन्सर धरून ठेवणारे दोन स्क्रू होते. कनेटिकटमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. स्क्रू पोलादाचा, अंग ॲल्युमिनियमचं, त्यात खारं पाणी. दोन धातू असे एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पूड आट्यांमध्ये गच्च बसते. "हे वयानं धरलेत," बाबा म्हणाले. "तेल सोड आणि रात्रभर तसंच ठेव."

दुसरी गोष्ट स्क्रूड्रायव्हरची. आपण ज्याला फिलिप्स म्हणतो तो चौफुलीचा स्क्रू अमेरिकन हेन्री फिलिप्स यांच्या नावाचा. कॅडिलॅक गाड्यांत तो १९३६ मध्ये वापरात आला. जपानी गाड्यांतली चौफुली दिसायला तशीच, पण तिची खाच जरा वेगळी. फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि खाच खरवडून काढतं. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर मागवला, तर तो खाचेत असा बसला की हात सोडला तरी उभा राहिला. त्याच्या मागच्या टोकावर हातोडीचे चार हलके ठोके दिले. "ठोक, पण मारू नकोस," हे बाबांचं शिक्षण. दोन्ही सुटले.

चकतीचे स्क्रू तेलाला दाद देईनात. "हे वयानं नाही, मुद्दाम बसवलेत. का ते तू सांग." मी शिक्षिका होते, उत्तर माहीत असताना प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो. दांडी उलटून पाहिली. पलीकडे निघालेली स्क्रूंची टोकं कारखान्यातच ठोकून फुलासारखी पसरवली होती. कारण उघड आहे. यातला एक स्क्रू जरी सैल होऊन निसटला, तरी इंजिन त्याला हवेबरोबर ओढून घेणार आणि पिस्टन, व्हॉल्व्ह यांचं नुकसान करणार. वर आट्यांना स्क्रू पक्का करणारा गोंदही होता. हा लॉकटाइट गोंद आमच्याच राज्यातला. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी तो १९५३ मध्ये तयार केला. हवा मिळत नाही तिथे, धातूच्या फटीत, तो घट्ट होतो. त्याचा लाल प्रकार सुटायला सुमारे २५० अंश सेल्सिअस उष्णता लागते.

म्हणजे इथे हातोडी चालणार नव्हती. दांडी वाकली असती. आधी चकतीची बाजू कळावी म्हणून खूण केली, कारण तिच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात आणि उलटी बसवली तर ती नीट मिटत नाही. मग बारीक कानशीने पसरलेली टोकं दांडीच्या पातळीपर्यंत घासली. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही मिनिटं धरलं. स्क्रूड्रायव्हरवर अंगाचा भार टाकला आणि सावकाश फिरवलं. 'कट्' असा आवाज आला. तो आवाज कोल्हापुरातही ऐकू गेला, कारण बाबा म्हणाले, "निघाला."

वर्गात गप्प बसणारी मुलं मला आठवली. एखाद्याला उत्तर येत नसतं, एखाद्याला घरून बोलू नकोस असं बजावलेलं असतं. बाहेरून दोघं सारखीच दिसतात.

सील बदलली. जुने स्क्रू परत लावायचे नाहीत, हे बाबांनी दोनदा सांगितलं. नवे स्क्रू आधी सैल ठेवले, चकती दोन-तीनदा मिटू दिली, दिव्यासमोर धरून कडेने येणारा उजेड सगळीकडे सारखा आहे ना ते पाहिलं आणि मग गोंद लावून आवळले. शेवटी दांडीला खालून आधार देऊन टोकं पुन्हा ठोकून पसरवली. कारखान्याने घेतली होती ती काळजी आता आपण घ्यायची.

गाडी आता सिग्नलला शांत उभी राहते. त्या रात्री बाबांनी टोकांचा फोटो मागवला होता. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "डावं कमी पसरलंय. अजून एक ठोका दे." मी दिला.